न सांगता दारू सोडवणारी पावडर : एक स्टार, तोही द्यावाच लागतो म्हणून

जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हे अजून घरी आले नव्हते आणि मी ताट झाकून बसले होते. ‘नवऱ्याला न सांगता दारू सोडवा.’ अशा वेळी माणूस काहीही मागवतं. ३० पुड्या, २,४९९ रुपये, पैसे पार्सल हातात आल्यावर. ब्लाउज शिवून साठवलेले होते, ते दिले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असल्या जाहिराती आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवरही ढिगाने आहेत.

पाकिटावर लिहिलंय, ‘चव नाही, वास नाही’. साफ खोटं. चहात तळाशी गाळ राहतो आणि आमटी हिरडा उगाळल्यासारखी तुरट लागते. त्यातल्या त्यात आमटीत खपून जातं. पण आमटी घरात चौघं खातात. म्हणजे यांची वाटी आधी वेगळी काढायची, ओट्याकडे तोंड करून पुडी फोडायची, सासूबाईंचं लक्ष नाही ना ते बघायचं. नवव्या दिवशी धाकट्याने घाईत तीच वाटी ओढली. मी हिसकावून घेतली, सगळी आमटी त्याच्या शाळेच्या शर्टावर. पोरगं बघतच राहिलं. त्याला काय सांगणार होते मी?

पंधराव्या दिवशीही फरक नाही म्हणून फोन केला. पलीकडचा म्हणाला, “ताई, एक जरी दिवस चुकला असेल तर कोर्स पहिल्यापासून.” म्हणजे पितात हे, आणि चूक माझी.

एकोणिसाव्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात यांना पाकीट सापडलं. “मला विष घालतेस?” संशय आधीच काही कमी नव्हता. त्यानंतर महिनाभर पहिला घास मी खाऊन दाखवल्याशिवाय यांनी ताटाला हात लावला नाही.

शेवटी पाकीट घेऊन सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. डॉक्टरीणबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. आत नेमकं काय आहे ते कुठेच नीट लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, पण ती माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने देतात. त्यावर दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली येतं, जिवावरही बेतू शकतं. असल्या पुडीत कुणी तीच मिसळली असेल तर? मी १९ दिवस घातली होती. आणखी एक सांगितलं : वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय कापतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो. म्हणून सोडवायची तीसुद्धा डॉक्टरच्या नजरेखाली. एवढी माहिती पाकिटावर असती तर मी पाकीट फोडलंच नसतं.

केसपेपरच्या मागे त्यांनी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, टेली-मानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलतात. मी रात्री एक वाजता न्हाणीघरात नळ सोडून बोलले. दुसरी, अल-अ‍ॅनॉनची बैठक. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते. हे १९५१ साली अमेरिकेत सुरू झालं, त्यातही बायकाच पुढे होत्या. फी नाही, इच्छा असेल तर शेवटी थोडे पैसे टाकायचे. नवऱ्याने दारू सोडलेली असायलाच हवी असंही नाही. आमच्यात एक मावशी आहेत, त्यांनी अशा तीन कंपन्यांच्या पावडरी वापरल्यात. “तिसरी तर खिचडीत बरी लागायची,” म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. किती दिवसांनी हसले होते देव जाणे.

हे अजून पितात. आमटी मात्र आता एकाच पातेल्यातून वाढते.

गेल्या आठवड्यात कंपनीचा फोन आला, दुसरा कोर्स अर्ध्या किमतीत देतो म्हणून. उरलेल्या ११ पुड्या परत घेता का, विचारलं. म्हणाला, “फोडलेलं पाकीट परत घेत नाही, ताई.”