वारंवार गर्भपातानंतरच्या तपासण्या: कोणती उत्तर देते, कोणती नुसता रिपोर्ट

पुन्हा गर्भपात झाला की दोन टोकांचे सल्ले कानावर पडतात. एक डॉक्टर म्हणतात, "असं होतं, पुढच्या वेळी राहील." दुसरे हातात लांबलचक यादी देतात: रक्ताच्या डझनभर बाटल्या, दोघांची गुणसूत्रं, दुर्बिणीतून गर्भाशय. पहिल्या ठिकाणी आपलं कुणी ऐकूनच घेतलं नाही असं वाटतं, दुसरीकडे निदान काहीतरी चाललंय असा धीर येतो. हा धीर फसवा असू शकतो, कारण त्या यादीतल्या निम्म्याअधिक तपासण्यांचा निकाल काहीही आला तरी पुढे करायचं तेच असतं.

म्हणून प्रत्येक तपासणीला मी एक प्रश्न लावते: निकाल असा आला किंवा तसा आला, तर पुढच्या गरोदरपणात काय वेगळं करणार? याला एक अपवाद आहे. काही निकालांनी उपचार बदलत नाहीत, पण "माझ्या हातून काही चुकलं का" हा प्रश्न मिटतो. तेवढ्यासाठी तपासणी केली तरी ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. या दोन्हींपैकी काहीच जी देत नाही, ती खुशाल वगळावी.

दुसऱ्यानंतर की तिसऱ्यानंतर?

यावर मोठ्या संस्थांचंच एकमत नाही. युरोपची ईश्रे आणि अमेरिकेची एएसआरएम या प्रजनन वैद्यकातल्या संस्था दोन गर्भपात झाले की ते "वारंवार" धरतात. ब्रिटनच्या आरसीओजी या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेची व्याख्या तीनची आहे. मात्र कारण असल्याची शंका आली तर दोननंतरही तपासावं, अशी मोकळीक २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मोजणीही वेगळी आहे. टेस्ट पॉझिटिव्ह येऊन काही दिवसांत पाळी आली, तर ईश्रेच्या हिशेबात तेही गरोदरपण धरलं जातं. एएसआरएमला सोनोग्राफीत किंवा पॅथॉलॉजीच्या तपासणीत दिसलेलंच लागतं. त्यामुळे एकीकडे "दोन झाले" आणि दुसरीकडे "एकच झाला" असं ऐकू आलं, तर त्यात कुणी खोटं बोलत नसतं.

थांबा म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही वजन आहे. विशीत कळून आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहातलं एक जातं, चाळिशी ओलांडल्यावर जवळजवळ निम्मी जातात. म्हणजे वय जितकं जास्त, तितके दोन गर्भपात निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता जास्त, आणि तितकाच वाट पाहायला वेळ कमी. या ओढाताणीत मी वेळेच्या बाजूने कौल देते. वय ३५ च्या पुढे असेल, दिवस राहायलाच उशीर लागत असेल किंवा ठोके दिसल्यानंतर गर्भ गेला असेल, तर तिसऱ्याची वाट पाहू नये. दहा आठवड्यांनंतर, सगळं नीट दिसत असताना गर्भ गेला असेल, तर एका गर्भपातानंतरही खाली सांगितलेली अँटीबॉडींची तपासणी मागणं योग्य आहे.

गर्भाची तपासणी की दोघांचं कॅरियोटाइप?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि सगळ्यात जास्त उत्तरंही इथेच सापडतात.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते: एखादं जास्त, एखादं कमी, कधी पूर्ण एक संच जास्त. हा बिघाड बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना त्या वेळेपुरता घडलेला असतो. आईवडिलांची स्वतःची गुणसूत्रं ठीक असतात. म्हणूनच दोघांचं कॅरियोटाइप (रक्तातून केलेली गुणसूत्रांची तपासणी) बहुधा नॉर्मल येतं आणि गर्भ का गेला याबद्दल काहीच सांगत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या १०० जोडप्यांपैकी फार तर २ ते ५ जोडप्यांत एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले सापडतात, ज्याला संतुलित ट्रान्सलोकेशन म्हणतात.

गर्भाची तपासणी थेट त्या गर्भाला प्रश्न विचारते. पण ती कशी केली यावर उत्तराची किंमत ठरते. जुन्या पद्धतीत पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात. त्या अनेकदा वाढत नाहीत, किंवा गर्भाऐवजी आईच्याच पेशी वाढतात. मग "४६, एक्सएक्स, नॉर्मल" असा रिपोर्ट येतो आणि घरचे समजतात की निरोगी मुलगी गेली. तो रिपोर्ट आईचाही असू शकतो, हे कुणीतरी सांगायला हवं. मायक्रोअ‍ॅरे पद्धतीत डीएनए थेट तपासतात, पेशी वाढवाव्या लागत नाहीत आणि ईश्रेची पसंती तिलाच आहे. त्यातला एसएनपी प्रकार घेतला तर आईच्या पेशींची भेसळही ओळखता येते. लॅबला एवढंच विचारावं: आईच्या रक्ताशी ताडून बघणार का?

आणखी एक गफलत. क्युरेटिंगनंतर नमुना फॉर्मालीनमध्ये घालून पॅथॉलॉजीला जातो, दोन ओळींचा रिपोर्ट येतो आणि "तपासणी झाली" असं वाटतं. ती हिस्टोपॅथॉलॉजी. गर्भधारणा गर्भाशयातच होती आणि द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारखे फुगे वाढणं) नव्हता, हे तिच्यातून कळतं. गुणसूत्रांबद्दल ती गप्प असते. गुणसूत्रांसाठी नमुन्याचा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा लॅबने दिलेल्या द्रावणात ठेवावा लागतो. एकदा सगळा नमुना फॉर्मालीनमध्ये गेला की पेशी वाढवण्याची वाट बंद होते. हे प्रक्रियेच्या आधी बोलून ठेवायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या डोक्यात काही येत नाही.

गर्भाच्या निकालावरून पुढची दिशा ठरते. गुणसूत्र जास्त किंवा कमी निघालं, तर या गर्भपाताचं कारण सापडलं. आईच्या रक्तात आणखी काही शोधत बसण्याची निकड कमी होते. तुकड्यांचा असमतोल निघाला, तर दोघांचं कॅरियोटाइप लगेच करावं. निकाल खात्रीने नॉर्मल आला, तर मात्र आईच्या बाजूची कारणं गांभीर्याने तपासायची. नमुना मिळालाच नसेल किंवा तपासणी फसली असेल, तर दोघांचं कॅरियोटाइप करण्यात अर्थ आहे. आरसीओजीचा क्रमही हाच आहे, फक्त गर्भाची तपासणी ते तिसऱ्या गर्भपातापासून सुचवतात. मला विचाराल तर नमुना हाती असेल आणि झेपत असेल, तर दुसऱ्यालाच करावी.

ट्रान्सलोकेशन निघालं म्हणजे दार बंद झालं असं नाही. नैसर्गिकरीत्या दिवस जाऊ देऊन गर्भाची तपासणी करणं आणि आयव्हीएफ करून भ्रूण तपासून सोडणं, असे दोन रस्ते आहेत. दुसऱ्याने गर्भपात कमी होतात. पण शेवटी हातात येणाऱ्या बाळांची संख्या त्याने वाढते, हे सिद्ध झालेलं नाही. इथे जनुकीय समुपदेशकाशी सविस्तर बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

गुठळ्यांच्या तपासण्या: एक गट घ्या, दुसरा बहुधा सोडा

एका तपासणीवर पैसे आणि वेळ घालवायचा असेल, तर तो अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडींवर, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणाऱ्या अँटीबॉडींवर, घालवा. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन असे यांचे तीन भाग आहेत. हे कारण निघालं तर त्यावर उपचार आहे: कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि सोबत रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं. वर लावलेल्या प्रश्नाला ही तपासणी स्वच्छ "हो" म्हणते.

पण ती घाईत करता येत नाही. गर्भपातानंतर साधारण सहा आठवडे जाऊ द्यावेत. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण एखाद्या संसर्गानंतरही या अँटीबॉडी तात्पुरत्या वाढतात. हेपारिन चालू असताना ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंटचा निकाल चुकू शकतो. एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर निदान पक्कं झालं असं कुणी सांगितलं, तर दुसरी तपासणी कधी करायची हे विचारावं.

बाजूलाच आनुवंशिक गुठळ्यांचा गट असतो: फॅक्टर फाइव्ह लायडन, प्रोथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस, आणि यादीत जवळपास नेहमी दिसणारं एमटीएचएफआर. हा गट बघायला आधीच्यासारखाच वाटतो, पण त्याचा निकाल वापरता येत नाही. असा दोष असलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना हेपारिन देऊन पाहणारा अ‍ॅलाइफ-२ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि हेपारिनमुळे जिवंत बाळांचं प्रमाण वाढलं नाही. शिवाय प्रोटीन एस गरोदरपणात आपोआप कमी होतं, त्यामुळे तेव्हा तपासलं तर उगाच घाबरायला होतं. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात गुठळी झाली असेल, किंवा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला असेल, तर गोष्ट वेगळी.

गर्भाशय कसं बघायचं?

थ्रीडी सोनोग्राफी, एचएसजी (गर्भाशयात द्रव सोडून काढलेला एक्स-रे), हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीतून आतून बघणं) आणि एमआरआय असे चार पर्याय समोर येतात. सुरुवात योनिमार्गे केलेल्या थ्रीडी सोनोग्राफीने करावी. भूल नाही, चीर नाही, आणि गर्भाशयाचा आतला पोकळ भाग व बाहेरचा आकार दोन्ही एकदम दिसतात. एचएसजीत फक्त आतली पोकळी दिसते. त्यामुळे मध्ये पडदा आहे की गर्भाशयच वरून दुभंगलेलं आहे, हे ती सांगू शकत नाही, आणि या दोन्हींचा पुढचा विचार अगदी वेगळा आहे. हिस्टेरोस्कोपी आतून स्वच्छ दाखवते आणि लगेच उपचारही करता येतो, पण आधी शंका हवी.

पडदा सापडला तर "कापून टाकू" हे वाक्य फार पटकन येतं. पडदा कापणं आणि तसाच ठेवणं यांची तुलना करणारा ट्रस्ट नावाचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात कापल्याने फायदा दिसला नाही. स्त्रिया ८० च होत्या, तेव्हा हा शेवटचा शब्द नाही, आणि कापावा म्हणणारे अनुभवी डॉक्टर आजही आहेत. पण पडद्याची लांबी-रुंदी आणि त्या डॉक्टरांचा अनुभव न विचारता संमतीपत्रावर सही करू नये.

थायरॉइड आणि साखर

टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी. स्वस्त, सोपी आणि बिघाड असेल तर गोळीने सुधारणारी. थायरॉइडच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल, अशा स्त्रियांना गोळी देऊन उपयोग होत नाही, हे टॅब्लेट अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं. मधुमेहाची शंका असेल तर साखर तपासावी.

यादीतून काय काढायचं?

टॉर्च, म्हणजे रुबेलासारख्या काही संसर्गांची रक्ततपासणी. हिच्यातून कळतं की तुम्हाला कधीतरी तो संसर्ग होऊन गेला. तो वारंवार गर्भपाताचं कारण ठरत नाही. नॅचरल किलर पेशी, सायटोकाइन, नवरा-बायकोचं एचएलए जुळवणं, या रोगप्रतिकारशक्तीच्या तपासण्या: आरसीओजी म्हणते, संशोधनाबाहेर हे नेहमीच्या तपासणीत करू नका. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार तर ईश्रेने स्पष्टपणे नाकारला आहे. शुक्राणूंच्या डीएनएच्या तपासणीवर मतभेद आहेत. ईश्रे ती विचारात घेता येईल म्हणते, आरसीओजी नाही म्हणते. नवरा सिगारेट ओढत असेल, तर त्या रिपोर्टआधी ती सोडणं जास्त कामाचं.

कारण सापडलं नाही, तर औषध की नुसती देखरेख?

सगळ्या योग्य तपासण्या करूनही जवळजवळ निम्म्या जोडप्यांना कारण मिळत नाही. तिथे "सगळंच देऊन टाकू" हा मोह होतो: अ‍ॅस्पिरिन, हेपारिन, प्रोजेस्टेरॉन, स्टिरॉइड. कारण नसताना अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिन देऊन बाळं वाढत नाहीत, हे २०१० मध्येच दिसलं होतं. प्रोजेस्टेरॉनचं जरा बारकाईने बघावं लागतं. कारण न सापडलेल्या स्त्रियांवरच्या प्रॉमिस अभ्यासात २०१५ मध्ये फारसा फरक आढळला नाही. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांपैकी ६५.८ टक्के आणि नकली औषध घेतलेल्यांपैकी ६३.३ टक्के स्त्रियांना बाळ झालं. पण आधी गर्भपात झालेला आहे आणि या गरोदरपणात रक्त जातंय, अशा वेळी ते देण्याला आधार आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२१ ची शिफारस याच परिस्थितीसाठी आहे: सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात असल्याची खात्री करून ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, योनिमार्गे, ठोके दिसल्यास १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत.

प्रॉमिसमधला दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नकली औषध घेणाऱ्या, कारण न सापडलेल्या, आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्या स्त्रियांत १०० पैकी ६३ जणींना बाळ झालं. "काही सापडलं नाही" या निकालाची भीती वाटते, पण त्यात वाईट बातमी क्वचितच असते. वय वाढेल तसा हा आकडा खाली येतो, हेही लक्षात ठेवावं. देखरेख निवडायची तर ती खरी असावी: सुरुवातीच्या आठवड्यांत ठरलेल्या सोनोग्राफी, शंका आली तर फोन उचलणारं कुणीतरी, फोलिक अ‍ॅसिड आणि तंबाखू-दारू पूर्ण बंद.

वेळेचा हिशेब

गर्भपात आत्ता होत असेल, तर फक्त नमुन्याची व्यवस्था करा. बाकी काहीच घाईचं नाही. होऊन गेला असेल, तर सहा आठवड्यांनी अँटीबॉडी, टीएसएच आणि थ्रीडी सोनोग्राफी एकत्र उरकता येतात. अँटीबॉडी निगेटिव्ह आल्या, तर पुढचा प्रयत्न कधी करायचा हे तुमच्या मनाच्या तयारीवर आहे. पॉझिटिव्ह आल्या, तर १२ आठवडे थांबण्याचा प्रश्न येतो, आणि ३८-३९ व्या वर्षी तो काळ खूप मोठा वाटतो. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: मधल्या काळात दिवस राहिले, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करणार का, आणि कोणत्या आठवड्यात? त्यांचं उत्तर फाईलमध्ये लिहून घ्या.