दारावर रोझमेरी घेताय? आधी बुंधा धरून उचलून बघा

जूनच्या शेवटी आमच्या कोथरूडच्या सोसायटीबाहेर रोपांचा टेम्पो आला होता. मला रोझमेरी हवीच होती, सध्या केसांसाठी सगळ्याच जणी तिचं पाणी करतायत ना, तर दीडशेला एक अशा चार पिशव्या घेतल्या. रोपं वीतभर उंच, टवटवीत, वास पण अस्सल. टेम्पोवाला म्हणाला, ताई पावसात मुळं नाजूक असतात, महिनाभर पिशवीतून काढू नका. मला वाटलं किती काळजीने सांगतोय.

पंधराएक दिवसांनी पानं फिकट पडली, हात लावला की झडायची. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राकडची, तिला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही हे माहीत होतं, म्हणून मी पिशव्या पत्र्याखाली घेतल्या, पाणी बंद केलं, रोज सकाळी उठून आधी तिथेच बघायचे. शेजारी गवती चहा आणि पुदिना नुसता माजलाय आणि माझी रोझमेरी वाळतेय, आपल्याच हातून चुकलं असं धरून चालले आणि तो परत आला तेव्हा अजून दोन घेतल्या!

शेवटी शेजारच्या काकूंनी एक बुंधा धरून ओढला तर अलगद हातात आला. मूळच नाही. खाली कात्रीचा तिरका काप, काळा, बुळबुळीत. चारही तशाच आणि नवीन दोन पण, फक्त त्यांचा काप अजून ताजा होता. मोठ्या झाडाच्या फांद्या छाटून चिकट लाल मातीत नुसत्या खोचलेल्या. उन्हाळ्यात लगेच माना टाकल्या असत्या, पावसाळी हवेत कापलेली फांदी पण कितीतरी दिवस हिरवी राहते, आणि महिनाभर हलवू नका म्हणजे कोणाला कळणारच नाही. नऊशे रुपये गेले, जीपे केलेला नंबर बंद.

फांदी लावून रोझमेरी येते, नाही असं नाही, पण मुळं फुटायला महिना-दीड महिना जातो. फांदी म्हणून स्वस्तात दिली असती तर माझी काहीच तक्रार नव्हती, रोप म्हणून विकली याचा राग आहे.

घेताना बुंधा मातीलगत धरून हलकेच उचला, मूळ धरलेलं असेल तर मातीचा गोळा सोबत येतो. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं दिसतायत का बघा. हात लावू देत नसेल तर घेऊच नका.

नवीन दोन फांद्या मी वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावल्यात, खिडकीच्या आत. वॉचमनदादांना टेम्पोबद्दल सांगून ठेवलंय.