गिअरबॉक्समधला भुसा

गाडीच्या दुरुस्तीत १,५८,००० रुपये गेले. त्यातले ६०,००० यूपीआयने, बाकीचे रोख. हातात काय, तर वहीच्या पानावर पेनने मांडलेला हिशेब. त्यावर गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही, सही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना 'हा माणूस वेडा होता का' असं तुम्हाला वाटणारच आहे. थोडा होतो.

माझी २००९ची बोलेरो पिकअप. २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, टिपर दारात उभा राहिला, तो मिळेल त्या भावात देऊन ही सेकंडहँड घेतली. सत्तरीतून नारळ, केळी भरून चोर्ला घाटाने बेळगावला जायचं आणि येताना भाजी आणायची, हा धंदा. इंजिन २५२३ सीसीचं, कंपनीच्या कागदावर ताकद ६३ हॉर्सपॉवरच्या आसपास. सपाटीला ती पुरते. पण केरी सोडलं, अंजुण्याचं धरण मागे पडलं, की भरल्या गाडीला दुसऱ्या गिअरशिवाय गत्यंतर नसतं. मागे बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. त्यात तिसरा गिअर ओरडायला लागला होता, म्हणजे गिअरबॉक्स उघडावा लागणारच होता. मनात आलं, उघडायचाच आहे तर गणेश चवथीच्या सीझनआधी गाडीची ओढही वाढवून घेऊ.

ओळखीच्या एका ड्रायव्हरने एका गॅरेजचा पत्ता दिला. तिथला मेस्त, म्हणजे मेकॅनिक, बोलण्यात गोड. पहिल्याच दिवशी म्हणाला, "पात्रांव (मालक), स्कॉर्पिओचं इंजिनच बसवू. नंबराची काळजी करू नका, तुमचाच नंबर पंच करून देतो." मी उडालो. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नंबर पंच करणं तर सरळ सरळ गुन्हा. मी ठाम नाही म्हटलं. त्यानेही लगेच मान डोलावली, "बरोबर आहे तुमचं, कायद्यातच राहूया."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, खरी फसवणूक तिथेच झाली. एक वाद त्याने मला जिंकू दिला आणि मी समजलो, आपण हुशार, हा प्रामाणिक. त्यानंतर तो जे म्हणाला त्याला मी मान हलवत गेलो. इंजिनाला नवे रिंग-पिस्टन, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नवा, नोझल आणि इंजिनाला डिझेल पोचवणाऱ्या पंपाचं 'स्पेशल सेटिंग', वर स्कॉर्पिओचा गिअरबॉक्स. "घाट तिसऱ्यात चढशील. कांयच जावचें ना (काहीच होणार नाही)."

अठरा दिवसांनी गाडी मिळाली. बोनेट उघडलं तर इंजिन नव्या नवरीसारखं, चंदेरी रंग मारलेलं. गिअरबॉक्सही चंदेरी. बायपासवर ट्रायल घेतली, रिकामीच. पाय दाबला की गाडी उसळायची, गिअरचा आवाज साफ गेलेला. मागे काळा धूर सुटत होता, तर मेस्त म्हणतो, "टर्बो नवा, दोन दिवसांत बसेल." पीयूसीचं, म्हणजे धूर तपासणीच्या दाखल्याचं, विचारलं तर, "ती मी करून देतो." दिलीही. गाडी मात्र कुठल्या केंद्रावर गेलीच नव्हती, आणि मी हसून कागद खिशात घातला. ही माझी चूक, ती त्याच्या माथी मारत नाही. आमच्यासारख्या जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप). खरी तपासणी केली असती तर मशीननेच त्याचं पितळ उघडं पाडलं असतं.

तीन खेपा झाल्या. घाट खरंच तिसऱ्यात चढलो, चार लोकांना फुशारकीने सांगितलंही. चौथ्या खेपेला हौदाभर नारळ होते. अर्ध्या घाटात क्लच जळल्याचा वास आला, इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही. तरीही रेटली. कणकुंबीच्या अलीकडे ठोका सुरू झाला, मग पांढरा धूर, मग सगळं शांत. पाण्याच्या तापमानाचा काटा शेवटपर्यंत जागेवर होता, हे मला फार दिवस कळेना. नारळ दुसऱ्या गाडीत भरले आणि पिकअप टोचन करून फोंड्याला आणली.

फोंड्यातले मेकॅनिक काका वयाने सत्तरच्या पुढचे, खाणी चालू असताना टिपरांची इंजिनं उघडण्यात हयात गेलेली. त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी पंप बघितला. जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूवर शिशाचं सील असतं. ते तुटलेलं होतं आणि स्क्रू आत पिळलेला. 'स्पेशल सेटिंग' म्हणजे एवढंच, एक पाना आणि दोन मिनिटं. ताकद वाढली होती हे खोटं नाही. डिझेल जास्त गेलं की ओढ वाढते. पण तेवढी हवा आत आली नाही तर ते नीट जळत नाही, काळा धूर होतो आणि जळालेला वायू बेफाम तापतो. ती उष्णता आधी पिस्टनचं डोकं खाते, पाण्यापर्यंत उशिरा पोहोचते, म्हणून काटा गप्प. हेड उतरवलं तर दोन नंबरच्या पिस्टनला वितळून खड्डा पडलेला. पिस्टन जुनेच. टर्बोही जुनाच, वरून घासून रंगवलेला. इंजिनात दाट ऑइल ओतलेलं, म्हणजे झिजलेल्या रिंगांचा धूर काही दिवस दबून राहतो.

मग गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढला. आधी काही येईना. काकांनी तार घातली तेव्हा काळी पेंड बाहेर पडली. बोटांत चोळून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "सागवानाचा दिसतो. मेस्त खानदानी."

लाकडाचा भुसा! ऑइलात भुसा घातला की झिजलेल्या गिअरचा आवाज दबतो. जुन्या गाड्या विकणाऱ्यांची ही फार जुनी चाल, म्हणे. पण तोच भुसा ऑइलच्या वाटा बुजवतो आणि बेअरिंग कोरडी पडते. माझ्या लेशाफ्टची (बॉक्समधल्या खालच्या दांड्याची) बेअरिंग निळी पडली होती. आणि स्कॉर्पिओचा गिअरबॉक्स? काकांनी बेलहाऊसिंगवरचा (क्लचभोवतीच्या कवचावरचा) चंदेरी रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा टाका निघाला. पाच वर्षांपूर्वी बोल्टाचा कान तुटला होता तेव्हा मीच तो आर्गन वेल्डिंगने जोडून घेतलेला. माझाच बॉक्स मला दुसऱ्यांदा विकला होता.

"तुला घाटात ओढ हवी होती ना," काका म्हणाले, "मग गिअरबॉक्स कशाला? बॉक्स ताकद तयार करत नाही रे, इंजिन देईल तेवढी वाटून देतो. नाहीतर मागच्या अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियनचा रेशो बदलायचा आणि वेग सोडायचा. दोन्ही फुकट मिळत नाही." क्लचचंही तसंच. इंजिनाची ओढ वाढवली आणि प्लेट, प्रेशर प्लेट जुनीच ठेवली तर पहिली तीच सरकणार. हे मेस्ताला माहीत नसेल? होतंच.

मी जुने भाग परत मागितले नाहीत, इथे सगळ्यात जास्त चुकलो. गाडी टाकण्याआधी टर्बोवर, बॉक्सवर, पंपावर रंगाचा ठिपका मारून फोटो काढले असते आणि काढलेले पिस्टन गोणीत भरून द्या म्हटलं असतं, तर हा खेळ सुरूच झाला नसता. पंप बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) लावला असेल तर त्याची चिठ्ठी मिळते, तीही मागितली नाही. आणि ट्रायल रिकाम्या गाडीत, सपाटीवर! चार गोणी वाळू टाकून केरीपर्यंत गेलो असतो तरी भरून पावलो असतो.

मेस्त आता फोन उचलत नाही. यूपीआयचे पैसे गेलेत ते त्याच्या कुणा नातेवाईकाच्या नावावर, त्यामुळे आधी ते नातं सिद्ध करा. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी स्वतः गाडी चालवून पोट भरतो हे वकिलाने अर्जात ठळक लिहायला लावलं. 'धंद्याची गाडी, हा ग्राहक कसला' असं समोरून येणारच. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूंना कायद्याने 'व्यापारी वापरा'त धरलेलं नाही, आणि मी पैसे मोजले होते ते पिस्टन, टर्बो, गिअरबॉक्स अशा वस्तूंचेच. काकांकडून सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचं लेखी पान घेतलंय, सहीनिशी, तारखेसह.

चवथीचा सीझन गेला. गाडी अजून फोंड्यातच आहे, कंपनीच्या मापाचे पिस्टन यायचेत, पंप सील मारून आलाय. तो भुसा मी दुधाच्या पिशवीत भरून, गाठ मारून घरी कपाटात ठेवलाय. आई विचारते, हे काय ठेवलंस? मी सांगतो, स्कॉर्पिओचा गिअरबॉक्स.