किल्डेअर स्ट्रीटवरची फुकटची सल्ला-खोली: आयरिश पूर्वज शोधणाऱ्यांसाठी

डब्लिनला किल्डेअर स्ट्रीटवर, तिथल्या संसदेला लागून, राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्यात आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्यांना सल्ला देणारी एक खोली आहे. पैसे पडत नाहीत. माझी उभी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, त्यामुळे सरकारी खोलीत शिरलो की समोरच्याला स्वतःचं दप्तर माहीत आहे का, हे मी आधी बघतो. इथल्या लोकांना माहीत आहे. आणि दप्तरात काय नाही, हेही माहीत आहे. माझ्या मते ती वरची परीक्षा.

माझी मुलगी डब्लिनला नोकरी करते. जावई ऑस्ट्रेलियन. यंदा त्याचे आईवडील आणि आम्ही दोघं एकाच वेळी तिच्याकडे होतो. व्याही गोलबर्नकडचे, म्हणजे सिडनीच्या खाली मेंढ्यांचा मुलूख आहे तिथले. त्यांची खापरपणजी ब्रिजेट १८५० नंतर कधीतरी क्लेअर काउंटीतून एकटी सिडनीला उतरली, एवढं घरात माहीत. गाव कोणतं, ते कुणालाच ठाऊक नाही. आणि व्याह्यांना तर त्या गावच्या मातीवर उभं राहायचं होतं.

त्याआधी त्यांनी इंटरनेटवरच्या एका कंपनीकडून पैसे भरून ‘संशोधन अहवाल’ मागवला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर रंगीत कुलचिन्ह, आत त्या आडनावाची शौर्यगाथा. ब्रिजेटबद्दल व्याह्यांनीच कळवलेल्या चार ओळी, तेवढ्याच सुबक टाइपात परत. ग्रंथालयातल्या बाईंनी तो अहवाल चाळला आणि शांतपणे सांगितलं, की आयर्लंडमध्ये कुलचिन्ह माणसाला बहाल होतं, आडनावाला नाही. हे त्यांनी सांगणं रास्तच, कारण कुलचिन्हं देणारं चीफ हेरल्डचं कार्यालय याच ग्रंथालयाचा भाग आहे.

मग त्यांचा पहिला प्रश्न आला: “ऑस्ट्रेलियातले कागद कुठे आहेत?” व्याही म्हणाले, “आम्ही तर आयर्लंडमधले शोधायला आलोय.” बाई हसल्या. हे त्यांना रोज ऐकावं लागत असणार.

इथली पहिली ग्यानबाची मेख हीच. गेलेल्या माणसाचं गाव बहुतेक वेळा तो जिथं गेला तिथल्या कागदात सापडतं, निघाला तिथल्या नाही. ब्रिटिश आणि आयरिश बंदरांतून बाहेर पडणाऱ्यांच्या याद्या सलग जपल्या गेल्या त्या १८९० पासून. आयर्लंडचा बटाट्याचा मोठा दुष्काळ पडला १८४५ मध्ये. म्हणजे ज्यांचा शोध लोक सर्वांत जास्त घेतात, त्यांचं इकडून निघणं कुणी नीट राखलेलंच नाही. अमेरिकेत उतरणाऱ्यांच्या याद्या १८२० पासून आहेत, पण गावाच्या जागी बहुधा नुसतं ‘आयर्लंड’. या बाबतीत ऑस्ट्रेलियावाले नशीबवान. सरकारी खर्चानं आणलेल्या माणसांची न्यू साउथ वेल्सनं पक्की नोंद ठेवली: वय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, मूळ गाव नि काउंटी, आईबापांची नावं, ते हयात की मयत, वसाहतीत कुणी नातेवाईक आहे का. एवढी माहिती आपल्या रेशनकार्डावरही नसते.

जावयानं तिथेच बसून सिडनीची ती यादी काढली. ब्रिजेट सापडली. गावाचं नाव मात्र असं लिहिलेलं, की व्याह्यांना ते वाचताच येईना. बोटीवरच्या इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं उतरवलं. खडकीचं किरकी करणाऱ्यांचेच ते भाऊबंद. बाईंनी ते दोनदा मोठ्यानं म्हटलं, तिसऱ्यांदा जरा क्लेअरकडच्या उच्चारानं म्हटलं, आणि नकाशावर बोट ठेवलं. त्या नावाच्या क्लेअरमध्ये दोन जागा निघाल्या. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर ‘टाउनलँड’ आहेत, आणि एकच नाव कितीतरी ठिकाणी. टाउनलँड म्हणजे शहर नव्हे. आपल्या वाडीच्या शिवाराएवढा जमिनीचा तुकडा, कधी त्यात चार घरं, कधी एकही नाही.

दोनांतली आपली कोणती, हा पुढचा सवाल. इथं जनगणना कामी आली असती. पण ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्ध पेटलं तेव्हा, डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट होऊन सार्वजनिक अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे काही तुकडे तेवढे उरले. पुढच्या चार तर सरकारनं स्वतःच्या हातानं संपवल्या; १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेल्या. पूर्ण उरलेल्यांत सर्वांत जुन्या १९०१ आणि १९११ च्या, आणि त्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट दिसतात. लगद्याचं ऐकून मला जेवण गेलं नाही. आगीचं समजू शकतो.

मग बाईंनी ग्रिफिथचं मूल्यांकन उघडलं, आणि मी खुर्ची पुढे ओढली. मुलगी कानात म्हणाली, “बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका.” पण ते शक्य नव्हतं.

रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्यानं १८४७ ते १८६४ या काळात अख्ख्या आयर्लंडच्या जमिनीची नि घरांची आकारणी छापून काढली. रकाने बघा: नकाशावरचा क्रमांक, कब्जेदार, त्याला जमीन देणारा, मिळकतीचं वर्णन, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये, मग जमिनीचं मूल्य, इमारतीचं मूल्य, एकूण. म्हणजे कूळ आणि मालक एकाच ओळीत! आमच्या खात्यात हे बघायला सातबाऱ्याच्या दोन्ही अंगांवर नजर फिरवावी लागते. आणि सातबाऱ्यासारखीच याची मर्यादा: नाव खातेदाराचं, पोरीबाळींचं नाही. ब्रिजेट यात सापडणार नव्हतीच. शोधायचा तिचा बाप, आणि यादीत तो ‘मयत’ लिहिलेला असेल तर भाऊ किंवा विधवा आई.

एका टाउनलँडमध्ये तिच्या बापाच्या नावाचे दोघं होते. एकाच नावाची दोन माणसं आली की ग्रिफिथची माणसं पुढे कंसात बापाचं नाव घालत, किंवा ‘थोरला’, ‘धाकटा’, नाहीतर सरळ टोपणनाव. मी म्हटलं, “आमच्याकडे हे सगळ्यांनाच लावतात.” बाईंनी माझं मधलं नाव विचारलं आणि समजलं म्हणून मान हलवली. व्याही थोडे अस्वस्थ झाले, त्यांची पाळी चालू होती.

याच मूल्यांकनाची पुढे वर्षानुवर्षं दुरुस्ती होत गेली, आणि ती पुस्तकं म्हणजे थेट आमची फेरफार नोंदवही. कब्जेदार मेला, सोडून गेला, पोरानं घेतलं, की जुनं नाव खोडून वर नवं, आणि निरनिराळ्या वर्षांची शाई निरनिराळ्या रंगाची. लाल, हिरवी, निळी. कुणाचं घर कधी ओसाड पडलं, ते त्या रंगावरून काढता येतं. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांची पुस्तकं बेलफास्टच्या अभिलेखागारानं ऑनलाइन ठेवली आहेत. आमचं क्लेअर त्यात नाही. तरी मी मुद्दाम एका परक्या गावचं पुस्तक उघडून बसलो. बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा १८९४ वर होतो.

चर्चच्या नोंदींबद्दल थोडक्यात. कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, बाप्तिस्म्याच्या नि लग्नाच्या वह्यांचे फोटो ग्रंथालयानं जुलै २०१५ पासून फुकट खुले केले आहेत, साधारण १८८० पर्यंतचे. फोटो जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेले, कृष्णधवल, आणि काही पानं इतकी पुसट की डोळ्याला पाणी येतं. नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. गरीब पश्चिमेकडे कित्येक वह्या उशिरा सुरू झाल्या. आमच्या पॅरिशची वही ब्रिजेटच्या जन्मानंतर सुरू होते. तिचा बाप्तिस्मा मिळणार नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं, म्हणजे उगाच पानं उलटत बसायला नको. सरकारी जन्मनोंद सर्वांसाठी सुरू झाली १८६४ मध्ये, तीही उपयोगाची नाही. पण तेच आईबाप असलेल्या एका धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला, आणि त्याच्या धर्मपित्याचं नाव ग्रिफिथमध्ये शेजारच्याच क्रमांकावर.

व्याह्यांनी टाळी द्यायला हात पुढे केला. बाई म्हणाल्या, “बहुतेक हेच. पण मी लिहून देणार नाही.” वंशावळ खातं चालवावं तर असं. पैसे घेतलेल्या अहवालात ‘बहुतेक’ हा शब्द एकदाही नव्हता. पुढचं त्यांनी कागदावर लिहून दिलं: क्लेअरच्या काउंटी ग्रंथालयाची साइट बघा, तिथं स्वयंसेवकांनी उतरवलेलं ढीगभर दप्तर फुकट आहे, सशुल्क साइट त्यानंतर, आणि एकाच महिन्यासाठी.

ज्यांचे पूर्वज अमेरिकेला गेले, त्यांना मात्र जास्त हिंडावं लागतं. बोस्टनच्या ‘पायलट’ वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ ‘हरवलेले आप्त’ शोधणाऱ्या जाहिराती छापून येत, आणि त्यात पॅरिशचं, कधी टाउनलँडचंही नाव असे. भाऊ भावाला शोधतोय, बायको रेल्वेच्या कामावर गेलेल्या नवऱ्याला. बोस्टन कॉलेजनं त्यांची शोधयादी केली आहे. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेनं खातेदाराची ओळख पटवायला गाव, बोट, आईबाप, भावंडं कुठे आहेत, असलं सगळं विचारून ठेवलं होतं. सही न येणाऱ्याची ओळख पटवायची तर तीच रीत. बँकेला वाटलंही नसेल, पण वंशावळीसाठी ते सोनं आहे.

लिफी नदीकाठचं ‘एपिक’ हे स्थलांतराचं संग्रहालय मुलांना घेऊन अवश्य बघा. तळघराच्या जुन्या कमानींत छान मांडलंय, हातात शिक्के मारायचा पासपोर्ट देतात. पण तिकीट काढून जायचं ते बघायला. शोधायचं असेल तर किल्डेअर स्ट्रीट. जाण्याआधी खोलीची वेळ साइटवर तपासा आणि माणूस मेल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, जे असेल ते झेरॉक्स करून न्या. रिकाम्या हातानं गेलात तर तुम्हाला चांगल्या शब्दांत परत घरी पाठवतील.

एक पुण्या-देवळालीकडच्यांसाठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश पुष्कळ होते, आणि जुन्या बॉम्बे फ्युझिलिअर्सचीच १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. ग्रंथालयापासून चालत थोड्या अंतरावर, स्टीव्हन्स ग्रीनच्या कोपऱ्यावर, त्याच पलटणीची १९०७ ची कमान उभी आहे. तुमच्या घरात असा कुणी आयरिश आजा-पणजा असेल, तर डब्लिनची घाई करू नका. मुंबई इलाख्यातले चर्चचे बाप्तिस्मे, लग्नं नि दफनं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. आधी ती काढा, मग किल्डेअर स्ट्रीटला या.