नागपुरातून तीन गावांचा विज्ञानाचा तास: शाळा उघडल्यापासून आतापर्यंतचा अनुभव

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या, तेव्हापासून मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेतून दहावीचा विज्ञानाचा तास एकाच वेळी चार वर्गांना घेतेय. समोर माझा नेहमीचा वर्ग असतो. मागच्या भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत आमच्याच संस्थेच्या तीन शाळा दिसतात: एक रामटेक तालुक्यातली, एक कुहीकडची, एक नरखेडकडची. तिन्हीकडे विज्ञान शिकवणारं कुणी नव्हतं. भाषेचे किंवा इतिहासाचे सर पुस्तक वाचून दाखवायचे आणि मुलं प्रश्नोत्तरं पाठ करायची. आता फेब्रुवारी लागलाय, अभ्यासक्रम संपून उजळणी चाललीय. ज्या शाळा असं काही सुरू करायचं म्हणताहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. हाताशी असलेल्या पैशातला मोठा वाटा मुलांचा आवाज तुमच्यापर्यंत आणण्यावर घाला. कॅमेरा, टीव्ही, पॅनल हे सगळं त्यानंतर.

खरेदीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं. आमच्याकडेही रिमोटवर फिरणारा, झूम होणारा चांगला कॅमेरा घेतला गेला आणि गावाकडच्या वर्गांत सुरुवातीला लॅपटॉपचाच माइक होता. चित्र छान दिसायचं. पण पहिल्या बाकावरच्या दोघातिघांपलीकडे कुणाचं बोलणं मला कळायचं नाही. तिथले वर्ग लांबट, वर टिनाचं छत, गरगरणारे पंखे. जुलैत पाऊस सुरू झाला की छतावरच्या आवाजात सगळं बुडून जायचं. यामागे साधं विज्ञान आहे. आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. शेवटच्या बाकावरची मुलगी माइकपासून पंचवीस फुटांवर असेल तर तिच्या बोलण्यापेक्षा पंखाच मोठा ऐकू येणार. माइक कितीही महागाचा असो, लांबून ऐकायला लावला की हेच होतं.

यावर आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे हातोहात फिरणारा बिनतारी माइक. ज्याला बोलायचंय त्याच्या हातात तो जातो, मूल उभं राहतं, माइक तोंडाजवळ धरून बोलतं. छताचा आणि पंख्याचा आवाज आपोआप मागे पडतो. माइक हातात घेताना पोरं पहिले काही दिवस लाजली, एकमेकांकडे ढकलायची. ऑगस्टपर्यंत तोच माइक आपल्याकडे यावा म्हणून हात वर व्हायला लागले. वर्गाच्या मधोमध टेबलावर ठेवायचा गोल माइकही आम्ही एका शाळेत वापरून पाहिला. गटात चर्चा करायला तो बरा आहे, एकेकट्या मुलाच्या उत्तराला नाही.

एक सेटिंग मात्र जरूर तपासा. व्हिडिओ मीटिंगच्या बहुतेक ॲपमध्ये मागचा गोंगाट गाळून टाकायची सोय असते आणि ती बरेचदा आधीपासूनच चालू असते. ऑफिसातल्या एकट्या माणसासाठी ती ठीक आहे. पण सगळा वर्ग एका सुरात ‘हो मॅडम’ म्हणाला की ॲपला तो गोंगाट वाटतो आणि तेच कापलं जातं. वर्गाचा तो हुंकार शिक्षकाला फार लागतो. कळलं की नाही, हे त्यातूनच समजतं. ही गाळणी अगदी कमीवर आणल्यावर मला वर्ग पुन्हा ऐकू यायला लागले.

चारही माइक एकदम उघडे ठेवणं शक्य नाही. एका ठिकाणच्या स्पीकरमधला आवाज तिथल्याच माइकमधून परत येतो आणि सगळीकडे घुमतो. म्हणून बोलणारा वर्ग सोडून बाकी म्यूट, हा सगळ्यांचाच नियम असतो, आमचाही आहे. पण तिन्ही गावं म्यूट करून शिकवलं की अर्ध्या तासात शिक्षक थकून जातो, कारण समोरून काहीच परत येत नाही. म्हणून दर तासाला एक गाव पाळीनं पूर्णवेळ उघडं ठेवते. त्या दिवशी त्या वर्गाची कुजबुज, हसणं, बाक सरकणं माझ्या खोलीत असतं. मुलांना पाळी पाठ झालीय. ‘मॅडम, आज आमचा नंबर’ असं तेच सांगतात.

आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेचीही सवय करावी लागते. संभाषण सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशात उपग्रहावरून शिक्षण फार आधीपासून झालंय. १९७५-७६ मध्ये इस्रोनं नासाच्या एटीएस-६ उपग्रहाचा उपयोग करून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्हीवरून कार्यक्रम पोचवले. खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट २० सप्टेंबर २००४ ला सोडला गेला. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद नुसता प्रवासात जातो. ‘अवकाश मोहिमा’ हा धडा शिकवताना मी हा हिशोब मुलांकडूनच करून घेतला. फायबर किंवा ४जीवर उशीर याहून कमी असतो, तरी नेट मंदावलं की तो जाणवतोच. त्यामुळे ‘कुणाला येत नाही वाटतं’ असं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. उत्तर वाटेत असतं.

प्रश्न विचारायची पद्धतही बदलावी लागली. समोरच्या वर्गात आपण आधी प्रश्न विचारतो आणि मग नाव घेतो, म्हणजे सगळेच विचार करतात. इथे तसं केलं तर गावाचं नाव ऐकून माइक उघडेपर्यंत वेळ जातो. आणि गावाचं नाव आधी घेतलं तर उरलेली तीन ठिकाणं निवांत बसतात. यावर पाटी कामी आली. प्रश्न सगळ्यांना, उत्तर पाटीवर, मग सगळ्या पाट्या कॅमेऱ्यासमोर वर. मी नजर फिरवते, एखादं वेगळं उत्तर हेरते आणि मग त्या गावाला आवाज देते. काळी पाटी आणि खडू हेच वापरा. पांढऱ्या पाटीवर खिडकीचा उजेड चमकतो, अक्षर दिसत नाही.

आता ज्या तासासाठी मला ही सगळी खटपट सार्थकी लागली असं वाटतं, त्याबद्दल. धडा प्रकाशाच्या अपवर्तनाचा, म्हणजे हवेतून पाण्यात किंवा पाण्यातून हवेत जाताना प्रकाश वळतो त्याचा. अपारदर्शक भांड्याच्या तळाशी नाणं ठेवायचं, नाणं काठाआड जाईल इतकं मागे सरकायचं आणि डोळा न हलवता दुसऱ्यानं त्यात हळूहळू पाणी ओतायचं. नाणं पुन्हा दिसायला लागतं. हा प्रयोग कॅमेऱ्यावरून दाखवला तर मुलांना कॅमेऱ्यानं पाहिलेलं दिसतं. तो ज्याचा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी करायचा असतो. म्हणून आदल्या दिवशीच निरोप दिला होता. शाळेच्या स्वयंपाकघरातले जर्मनचे गंज (ॲल्युमिनियमची पातेली), नाणी आणि पाण्याच्या बादल्या चारही ठिकाणी तयार होत्या. मी फक्त क्रम सांगत होते. ‘सरका मागे. आता दिसून राहिलं का?’ ‘नाही जी!’ ‘ओता.’ आणि मग एकेका गावातून आरोळी आली. आधी कुही, मग रामटेक, मग माझाच वर्ग. नरखेडकडची पोरं तेवढी गप्प. त्यांच्या सरांनी पाणी एकदम ओतलं होतं आणि नाणंच सरकलं होतं. त्यांनी पुन्हा केलं, आणि बाकी तिन्ही वर्ग श्वास रोखून त्यांच्या आरोळीची वाट पाहत होते.

त्यानंतर कुहीच्या एका मुलीनं माइक मागून घेतला आणि विचारलं, ‘मॅडम, पाण्याच्या जागी तेल टाकलं तर?’ मी उत्तर दिलं नाही. प्रश्न चारही वर्गांना टाकला. दुसऱ्या दिवशी नरखेडच्या पोरांनी घरून जवसाचं तेल आणलं होतं. प्रकाश किती वळतो ते अपवर्तनांकावरून कळतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, जवसाच्या तेलाचा साधारण १.४८. तेलात नाणं जास्त वर आल्यासारखं दिसायला हवं, आणि तसं ते दिसलं. एका गावातल्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावानं दिलं. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कितीही उत्तम असला तरी त्यात हे होत नाही.

हे होऊ शकलं ते पलीकडे उभ्या असलेल्या शिक्षकांमुळे. वर्गात मोठं माणूस हजर आहे एवढ्यानं काम भागत नाही. त्यांना आदल्या दिवशी धडा माहीत असावा लागतो, साहित्य जमवावं लागतं, कुठला पोरगा मान डोलावतोय पण त्याला कळलेलं नाही हे हेरून मला खुणवावं लागतं. आमच्या तिन्ही ठिकाणचे शिक्षक विज्ञानाचे नाहीत. दर शनिवारी आम्ही चौघं पुढच्या आठवड्याचं बोलून घेतो. ही बैठक वेळापत्रकात बसवा, नाहीतर महिन्याभरात बंद पडते.

लिहिण्यासाठी फळ्याचा नाद मी सोडलाय. वाकवता येणाऱ्या स्टँडवर जुना मोबाइल उलटा लावलाय, त्याखाली कोरा कागद आणि जाड मार्कर. तो मोबाइल मीटिंगमध्ये वेगळा जोडलाय, माइक आणि स्पीकर बंद करून. किरणाकृती काढताना माझा हात दिसतो, पट्टी कशी धरायची ते दिसतं. मुलांना ते फळ्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतं.

नेट आणि विजेबद्दल थोडक्यात. १ एमबीपीएस वेगानं तासभर चित्र गेलं की साधारण ४५० एमबी डेटा जातो. येणारं आणि जाणारं धरा, म्हणजे सिमकार्डवरच्या रोजच्या २ जीबीत दोन तासिकांच्या वर भरवसा ठेवू नका. एका गावात ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर शाळेत घेता आली, तिथला त्रास संपला. नेट अगदीच बसलं तर चित्र बंद करून आवाज चालू ठेवा, मुलं आवाजावर तास पूर्ण करतात. वीज गेली की टीव्ही जातोच, पण राउटरही जातो आणि सगळं पुन्हा जुळायला वेळ लागतो. राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस बसवा. झूमच्या मोफत खात्यात मीटिंग ४० मिनिटांची असते. आमची तासिका तेवढीच आहे, पण हजेरी आणि जुळवाजुळव धरली की ती पुरत नाही.

न जमलेल्या गोष्टीही आहेत. वह्या दिसत नाहीत. मागे पडणारं मूल पडद्यावर चांगलंच लपतं. धानाच्या रोवणीच्या (लावणीच्या) दिवसांत रामटेककडची निम्मी पोरं शेतावर असायची. त्यांच्यासाठी तास रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर पाठवला, पण प्रश्न विचारायला कुणी नसलं की ते पाहणं पुस्तक वाचण्यासारखंच होतं. (रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझी बाजू ठेवते. मुलांचे चेहरे पालकांच्या लेखी परवानगीशिवाय साठवू नयेत.) आणि प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी पडद्यावरून होत नाही, त्यासाठी मी एसटीनं गावोगाव जाते. एकदा भेटून आलं की त्या गावातली गप्प मुलंही माइक मागायला लागतात. म्हणून पहिली भेट सत्राच्या सुरुवातीलाच ठेवा.

पुढच्या वर्षी आणखी दोन शाळा जोडाव्यात असं संस्थेत चाललंय. तंत्राच्या दृष्टीनं अडचण काहीच नाही, लिंक पाठवली की झालं. मी लेखी मत दिलंय की माझ्या तासाला तीनच गावं राहू द्यावीत आणि त्या दोन शाळांसाठी दुसऱ्या शिक्षकाचा वेगळा तास सुरू करावा. ४० मिनिटांत चार वर्गांतली दहाबारा मुलं माइकवर बोलतात. पाचसहा वर्ग केले तर काही गावांची पाळी आठवडाभर येणार नाही. दुसरा तास घ्यायला आमच्याच शाळेतले गणिताचे सर तयार आहेत, आणि मार्चनंतर सकाळची शाळा लागली की त्यांना माझ्या तासाला बसवून सगळं शिकवायचं ठरलंय.