ढिगाऱ्यात आणि गॅसमध्ये आठ महिने : आमच्या बचाव रोबोचा अनुभव

आमच्या बचाव पथकात पट्ट्यांवर चालणारा रोबो येऊन आठ महिने झाले. तो चालवायचं प्रशिक्षण चौघांना मिळालं, त्यातला मी एक. तो यायच्या आधी मी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे अनुभव बरेच शोधले होते. हाती लागल्या त्या जाहिराती, स्वच्छ जिने झरझर चढणाऱ्या रोबोंच्या. प्रत्यक्षात आम्हाला स्वच्छ जिना एकदाही भेटलेला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी यंत्राबद्दल. दोघांनी मिळून उचलायचं वजन. पुढे दोन फ्लिपर, म्हणजे अडथळ्यावर चढायला वर-खाली होणारे आखूड पट्टे, वर घडी होणारा हात, हाताच्या टोकाला चिमटा. चार कॅमेरे, त्यातला एक थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणारा. बोलायला स्पीकर, ऐकायला माइक. वायरलेसवर चालतो, केबल लावूनही चालतो. गॅस डिटेक्टर हातावर बसवता येतो. पाण्याचा मारा करणारा हा नव्हे. २०१९ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या आगीत जवानांना आत ठेवणं धोक्याचं झालं तेव्हा पाइप घेऊन आत गेलेला कोलोसस हा रोबो सुमारे ५०० किलोचा होता, त्याची जात वेगळी. आमचा फक्त बघतो, हुंगतो आणि ऐकतो. घेताना मला हे कमी वाटलं होतं. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण दुर्घटनांच्या स्वभावात आहे.

पूर येतो तेव्हा पाणी काही लपवत नाही. पण माणसाच्या हातून घडलेल्या दुर्घटनेत आम्हाला पहिली माहिती देणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याची चूक झालेली असते. तो घाबरलेला असतो. काय साठवलं होतं, काय तोडलं होतं, आत किती माणसं होती, या तिन्ही प्रश्नांना तो अर्धवट उत्तर देतो. त्याच उत्तरावर विसंबून आपली माणसं आत पाठवायची वेळ येते. रोबोने आमच्यासाठी सगळ्यात मोठं काम केलं असेल तर ते इथे.

पहिली मोठी वर्दी, म्हणजे मदतीचा निरोप, भंगाराच्या गोदामाची. गॅस कटरने जुने सिलिंडर कापत होते, कामगार खोकत बाहेर पळाले. मालक म्हणाला, दोन सिलिंडर आहेत, दोन्ही रिकामे. रोबो आत सोडला. कॅमेऱ्यात पाच मोजले. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह अर्धा तुटलेला, आणि त्याच्या बुडाशी पिवळट हिरवी झाक. थोडं पुढे नेलं तर अंगावरचा पुसट रंगवलेला शब्द वाचता आला : क्लोरीन.

इथे एक गोष्ट शिकलो जी कुठल्या माहितीपुस्तकात नव्हती. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. रोबोचा हात घडी केलेला असताना डिटेक्टर जमिनीपासून फूट-दीड फुटावर असतो, त्यामुळे आकडा झपाट्याने चढला. हात वर केला तर छातीच्या उंचीला तोच आकडा निम्म्याहून खाली. म्हणजे एखादा माणूस उभ्याने डिटेक्टर धरून गेला असता तर त्याला परिस्थिती आहे त्याहून बरी वाटली असती, आणि व्हॉल्व्हजवळ गुडघे टेकले असते तेव्हा तो खऱ्या गॅसमध्ये शिरला असता. पुढे दोन महिन्यांनी एका शीतगृहातली अमोनियाची गळती आली तेव्हा प्रकार उलटा. अमोनिया हवेपेक्षा हलका. गळतीजवळचं थंड धुकं जमिनीलगत रेंगाळतं खरं, पण थोडं लांब गेल्यावर खालचा आकडा जवळजवळ शून्य आणि छताजवळचा घातक. आता आमचा नियम आहे : प्रत्येक थांब्यावर दोन उंचीवर मोजायचं, खाली आणि हात पूर्ण वर करून. घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की नेहमीचा चार गॅसचा डिटेक्टर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड एवढंच सांगतो. क्लोरीन आणि अमोनियाचे सेन्सर वेगळे मागवावे लागतात. आमच्याकडे ते होते हे नशीब, कारण मूळ यादीत नव्हते. आमच्या एका वरिष्ठांनी हट्टाने घालायला लावले.

त्या दिवशी शेवटी व्हॉल्व्ह बंद केला तो माणसांनीच. रोबोच्या चिमट्यात ती ताकदही नाही आणि तो नाजूकपणाही. पण पूर्ण बंद सूट घालून, पाठीवर बी.ए. सेट (श्वासाच्या हवेची टाकी आणि मुखवटा) घेऊन आत जाणाऱ्याकडे प्रत्यक्ष कामाला जेमतेम वीस मिनिटं उरतात. बाकी हवा जाण्या-येण्यात आणि बाहेर आल्यावर धुऊन घेण्यात संपते. शोधाशोध रोबोने आधीच केली होती. कुठला सिलिंडर, किती पावलं, वाटेत काय पडलंय, सगळं स्क्रीनवर बघून दोघं आत गेले आणि सरळ तिथेच पोचले.

दुसरा प्रसंग इमारतीचा. तीन मजली, तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चालू, आणि त्या कामात खांबच तासलेला. कंत्राटदार शपथेवर सांगत होता की सगळे जेवायला बाहेर गेले होते, आत कोणी नाही. दोन स्लॅबच्या मधल्या फटीतून रोबो केबलवर आत सोडला. वायरलेसचा इथे काही उपयोग नाही. काँक्रीट आणि सळयांच्या दोन थरांमागे सिग्नल तुटतो. मग केबल सळयांत अडकते. ती सोडवायला रोबो मागे घ्यायचा, केबल हलक्या हाताने ओढायची, परत पुढे.

शिट्टी झाली, सगळी यंत्रं बंद, सगळे गप्प. रोबोच्या मोटरही बंद केल्या, फक्त माइक चालू. मी हेडफोन दाबून धरला होता. आधी नुसती धूळ गळल्याचा आवाज. मग लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखं, तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. स्पीकरवर मी विचारलं, ऐकू येतंय का? उत्तर आलं. एक कामगार, पाय अडकलेला. त्यानेच सांगितलं की मागच्या खोलीत आणखी दोघं झोपले होते.

त्याला बाहेर काढायला कित्येक तास लागले. टेकू लावणं, जॅक चढवणं, स्लॅब कापणं हे सगळं माणसांनी केलं. रोबोने त्या तासांत काय केलं? तो त्याच्याजवळ दिवा लावून उभा होता. आम्ही आळीपाळीने बोलत होतो. एकदा बॅटरी वाचवायला मी दिवा मंद केला, तर लगेच आवाज आला, "दिवा घालवू नका, साहेब." त्यानंतर नाही घालवला. मागच्या दोघांपैकी एक वाचला, एक नाही. कंत्राटदाराच्या शब्दावर गेलो असतो तर त्या बाजूला यंत्र लावून मलबा उपसायला सुरुवात केली असती.

आता तक्रारी, त्या आहेतच.

पट्टा उतरतो. कापड, वायर, साडीचा तुकडा, काहीही पट्ट्यात गेलं की रोबो जागेवर गोल फिरतो. चौथ्या महिन्यात असाच एका अरुंद बोळकांडीत अडकला आणि जवानांची एकमेव वाट त्यानेच अडवली. त्याला दोरीने ओढून काढण्यात आमचा मोलाचा वेळ गेला. तेव्हापासून सोडण्याआधी एकच प्रश्न विचारतो : हा इथेच मेला तर दुसरी वाट आहे का? नसेल तर मागच्या कडीला जाड दोरी बांधल्याशिवाय सोडत नाही. जाहिरातीतली दोन तासांची बॅटरी ढिगाऱ्यात फिरताना सव्वा तास टिकते. टचस्क्रीन आमच्या हातमोज्यांना दाद देत नाही आणि उन्हात दिसत नाही; आम्ही पुठ्ठ्याचं कवच करून लावलंय. रसायनाच्या वर्दीनंतर धुणं हे मोठं काम आहे, पट्ट्याच्या खाचाखाचांतून ब्रश फिरवावा लागतो. आणि नवीन पट्ट्यासाठी कंपनीने आम्हाला सहा आठवडे थांबवलं. त्या सहा आठवड्यांत आलेल्या दोन वर्द्यांना रोबो गाडीतच होता. याचा राग अजून गेलेला नाही. करार करताना सुट्या भागांची मुदत लिहून घ्या, जास्तीचा पट्टा पहिल्याच दिवशी मागा.

यंत्र ऐन वेळी मरतं हे आमच्यापुरतं नाही. १९८६ साली चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुकेंद्राच्या छपरावर किरणोत्सर्गी ग्राफाइट ढकलायला आणलेली यंत्रं त्या किरणांपुढे बंद पडली. शेवटी सैनिकांना फावडी घेऊन एक-दोन मिनिटांच्या पाळ्यांनी वर पाठवलं गेलं, आणि त्या माणसांनाच जैविक रोबो म्हणायची वेळ आली. २०१० साली न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत स्फोट झाला, २९ माणसं आत. लष्कराचा रोबो बोगद्यात साडेपाचशे मीटरच्या आसपास गेला आणि आत पाणी शिरून बंद पडला. तो मुळात बॉम्ब हाताळायला केलेला होता, ओल्या खाणीसाठी नव्हे. या जातीचा जन्मच बॉम्बच्या कामात झाला. १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने विजेवर चालणाऱ्या हातगाडीच्या सांगाड्यावर पहिला व्हीलबॅरो नावाचा रोबो बनवला. त्यामुळे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा : पाण्यात किती वेळ, किती खोल? धुराच्या उष्णतेत किती अंशांपर्यंत? लेखी उत्तर मिळेपर्यंत गप्प बसू नका.

केबलबद्दल मात्र मी जन्मभर सांगत राहीन. फुकुशिमाच्या अणुकेंद्रात सुरुवात भूकंप-त्सुनामीने झाली, पण जपानच्या संसदेने नेमलेल्या आयोगाने २०१२ साली त्या अपघाताला मानवनिर्मितच ठरवलं. तिथे क्विन्स नावाचा जपानी रोबो उत्तम काम करत होता. ऑक्टोबर २०११मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत त्याची केबल निकामी झाली आणि तो तिथेच राहिला. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात बचावकामासाठी पहिल्यांदा रोबो उतरले, तेव्हाही एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने केबल सांभाळायची असंच काम चालायचं. त्या कामात असलेल्या रोबो-संशोधक रॉबिन मर्फी यांनी नंतर अभ्यासातून दाखवलं की स्क्रीनसमोर एकटा माणूस फार काही चुकवतो, दोघं मिळून बघत असले की शोध कितीतरी चांगला लागतो. आम्हाला हे तिसऱ्या महिन्यात पटलं. जॉयस्टिकवर असलेल्याचं सगळं लक्ष पुढच्या सळईवर असतं. कोपऱ्यातला धुळीने माखलेला हात त्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतो. आमच्याकडे तो हात केबल धरणाऱ्याने पाहिला होता.

एक छोटी गोष्ट राहिली. दुर्घटना माणसाच्या चुकीची असली की चौकशी होतेच, आणि रोबोचं चित्रीकरण तिथे लागतं. ढिगारा उपसल्यावर तो तासलेला खांब जसा होता तसा कोणालाच पुन्हा दिसणार नसतो. आमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे निघालं आणि त्यावरून बरेच प्रश्न विचारले गेले. आता गाडीतून उतरवतानाच वेळ जुळवतो.

घ्यावा का? ज्यांच्याकडे सरावाला दर आठवड्याला दोन तास आणि चालवायला निदान चार माणसं आहेत त्यांनी जरूर घ्यावा. तेवढं नसेल तर आधी माणसं उभी करा.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे आणखी दोघं शिकायला येणार आहेत. त्यांच्या हाती पहिला महिना जॉयस्टिक देणार नाही. केबल देणार आहे.