हेडचं बिल घेतलं, हेड उतरलंच नव्हतं

जुनी मारुती 800 मिसिंग मारायला लागली, पिकअप गेला आणि मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाच मिनिटांत "हेड गॅस्केट गेलं" असं जाहीर केलं, तर चावी परत मागून घ्या. (हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्या खालची, गळती रोखणारी पातळ चकती.) खान्देशात या गाड्या अजून पुष्कळ घरांत आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. माझे 14,500 रुपये असेच गेले.

गाडी 2007 ची, पेट्रोलची. गावात ठीक चालायची. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला की दम टाकायची. दुसऱ्या गिअरवर घेतली तरी धक्के, मागून कच्च्या पेट्रोलचा वास. वर जाऊन उभी केली की आयडलवर, म्हणजे रेस न देता, पुन्हा बऱ्यापैकी. 796 सीसीचं इंजिन, सिलिंडर तीनच. त्यातला एक पेटेनासा झाला की तिसरा हिस्सा ताकद गेलीच, वर डॅशबोर्डपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं.

हायवेवरच्या गॅरेजचा मालक बोलायला गोड. "भाऊ, इंजिनमा दमच नही शे. हेड उतारनं पडी." मी म्हटलं, रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, ऑइलच्या झाकणाला पांढरट फेस नाही, पांढरा धूर नाही, मग गॅस्केट कसं? तर म्हणे, आतल्या आत गळतंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा म्हटलं, तर मोजायचं गेज जळगावला दिलेलं. मग त्यानं इंजिनमध्ये हात घालून रेस दिली आणि गाडी आधीपेक्षा दुप्पट हलायला लागली. त्या वेळी स्पार्क प्लगवरची वायरीची टोपी त्यानं बोटानं सैल केली असणार असं मला आता वाटतं, पण ते सिद्ध करता येणार नाही. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी लागत होती. मी हो म्हटलं.

गाडी मिळाली ती लोण्यासारखी चालत होती. कच्च्या पावतीवर हेड फेसिंग (हेड उतरवून त्याचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट किट, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, मजुरी. जुनं गॅस्केट मागितलं, तर "भंगारवाला घेऊन गेला."

पुढच्याच घाटात तेच सुरू, आणि आता आयडलवरही.

मग अमळनेरच्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीनं प्लगची एकेक टोपी क्षणभर उचलायची आणि कान द्यायचा. पहिली काढली, इंजिन अडखळलं. तिसरी काढली, तसंच. मधली काढली तर काहीच फरक नाही! म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. (हे घरी करू नका, जबरदस्त करंट बसतो.) प्लग अदलाबदल करून पाहिला, झोप मधल्याचीच राहिली. मग गाडी शेडमध्ये घेऊन दिवा बंद केला आणि जरा रेस दिली. मधल्या वायरीवरून इंजिनच्या लोखंडाकडे निळसर ठिणगी टकटक उडत होती.

वायर क्लिपमधून सोडवली, तर तिच्याभोवती काळी चिकटपट्टी, नवी कोरी, वितळून एका कडेनं सुटलेली. काका हसले. "त्या गॅरेजवाल्याला ठाऊक होतं बरं का, दुखणं कुठं आहे ते." चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि फाटक्या वायरीतून करंट बाहेर पळतो. म्हणून सपाटीवर गाडी शहाणी आणि घाटात आडमुठी. पट्टी लावली की थोडे दिवस निभावतं, तेवढ्यात गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं झालेलं असतं.

आणि हेड? हेडवरचं झाकण, टॅपेट कव्हर, काढून काकांनी टॉर्च मारली. हेड बोल्टच्या खाचांत तेलाचा जुना, कडक काळा थर जसाच्या तसा. पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर धूळ-ग्रीसची सलग पापडी. हेड फेसिंगला गेलं असतं तर ती टिकली असती का? कॉम्प्रेशनही मोजलं, तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. गॅस्केट गेलं असतं तर एक तरी खाली पडला असता. वायरींचा सेट आणि प्लग बदलले, हजाराच्या आत काम झालं.

गॅरेजवाल्याला बोल्टचे फोटो दाखवले. तो म्हणाला, पावतीवर तुमच्या गाडीचा नंबर कुठाय? खरंच नव्हता. पक्कं बिल, त्यावर गाडीचा नंबर, काढलेले पार्ट आणि हेड खाली उतरवल्याचा फोनवर फोटो, एवढं काम सुरू करतानाच ठरवून घ्या. जो आढेवेढे घेईल त्याच्याकडून गाडी टोचन लावून परत आणलेली परवडते.

पैसे मात्र मी फोनवरून दिले होते, त्याची नोंद आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते. पट्टी लावलेली ती वायर काकांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि काय सापडलं ते स्वतःच्या बिलबुकावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. तक्रारीचे कागद तयार होतायत.